एका उपरण्यावरून सुरू होणारं वर्ष

दोन माणसं एकच उपरणं दोन टोकांना धरून न्यायाधीशासमोर उभी आहेत. एक म्हणतो, "हे मला सापडलं." दुसरा म्हणतो, "नाही, मला सापडलं." एक म्हणतो, "सगळं माझं." दुसराही म्हणतो, "सगळं माझं." साक्षीदार कुणी नाही. आता निवाडा काय करायचा?

साधारण १८०० वर्षांपूर्वी गॅलिलीत, म्हणजे आजच्या उत्तर इस्रायलमध्ये, संकलित झालेल्या 'मिश्ना' या ज्यू कायद्याच्या संहितेत याचं उत्तर आहे. दोघांनीही शपथ घ्यायची की 'यातला माझा वाटा अर्ध्याहून कमी नाही', आणि उपरणं वाटून घ्यायचं. लगेच पुढचा खटला येतो. एक म्हणतो सगळं माझं, दुसरा म्हणतो अर्धं माझं. आता पहिल्याला पाऊण, दुसऱ्याला पाव. कारण अर्ध्याबद्दल वादच नाही, ते पहिल्याचं. भांडण उरलेल्या अर्ध्यापुरतं आहे, तेवढंच निम्मं-निम्मं करायचं.

तालमूद शिकायला बसलेल्या कित्येकांचा हा पहिला धडा असतो. जेरुसलेममध्ये, स्टॉकहोममध्ये ज्यू ग्रंथांच्या अभ्यासाचे पूर्णवेळ वर्ग चालतात आणि तिथे देशोदेशींची तरुण मुलं वर्षभरासाठी येऊन राहतात. नोकरी सोडून येतात, विद्यापीठातून सुट्टी काढून येतात. बऱ्याच जणांच्या मनात एकच प्रश्न ठसठसत असतो, 'मी ज्यू आहे म्हणजे नेमका कोण आहे?' आणि पुढ्यात येतं हे उपरण्याचं भांडण. मला पूर्वी हे विचित्र वाटायचं. आता वाटतं, या प्रश्नाला हात घालायचा याहून चांगला रस्ता क्वचितच असेल. का, ते सांगायचा प्रयत्न करते.

आधी ग्रंथांची उतरंड समजून घेऊ. तळाशी आहे तनाख, म्हणजे हिब्रू बायबल. त्यातली पहिली पाच पुस्तकं म्हणजे तोरा. तोरामध्ये आज्ञा आहेत, पण तपशील फार थोडा. 'सातव्या दिवशी काम करू नकोस' असं ती सांगते. काम म्हणजे काय, ते सांगत नाही. हा तपशील पिढ्यानपिढ्या तोंडी चालत आला, आणि इसवी सन २००च्या सुमारास रब्बी (म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचे पंडित) यहूदा हन्नासी यांनी तो मिश्नात बांधला. पुढची तीनेकशे वर्षं बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पंडितांच्या पिढ्या मिश्नाच्या एकेका ओळीचा कीस काढत राहिल्या. ती चर्चा म्हणजे गेमारा. मिश्ना आणि गेमारा मिळून तालमूद. सूत्र, सूत्रावर भाष्य, भाष्यावर टीका ही रचना आपल्याला परकी नाही. गीतेवर भावार्थदीपिका लिहिणाऱ्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे चटकन उमगतं.

वेगळेपण आहे ते पानात. आपल्याकडे भाष्य बहुधा मूळ ओळीच्या खाली येतं. तालमूदच्या पानावर मूळ मजकूर मधोमध असतो, ठसठशीत चौकोनी अक्षरांत, आणि त्याला चहूबाजूंनी भाष्यांनी वेढा घातलेला असतो. पुस्तकाच्या शिवणीच्या बाजूला राशी. हे अकराव्या शतकातले फ्रान्सच्या त्र्वा गावचे पंडित. अडलेल्या वाक्याला हात देणारे, थोडक्यात बोलणारे. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशींच्या नातवंडांपासून सुरू झालेल्या पुढच्या पिढ्यांचं भाष्य. नातवंडं आजोबांना सरळ विचारतात, 'हे तुम्ही म्हणता ते पटत नाही, कारण दुसऱ्या खंडात तर उलट लिहिलंय.' कडेला आणखी बारीक अक्षरांत संदर्भ, दुरुस्त्या, टिपणं. दीड हजार वर्षांची माणसं एका पानावर दाटीवाटीने बसली आहेत आणि सगळी एकाच वेळी बोलताहेत. ही मांडणी पक्की झाली व्हेनिसमध्ये, १५२०च्या दशकात, आणि छापणारा होता दानिएल बॉम्बर्ग नावाचा ख्रिस्ती मुद्रक. आजही जगभर पानांचे क्रमांक त्याच्याच आवृत्तीचे चालतात. अशी दुपाठी पानं २७११ आहेत.

मजकुराला विरामचिन्हं नाहीत. अक्षरांना स्वरखुणा नाहीत. भाषा अर्धी हिब्रू, अर्धी अरमाईक. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. एखादं वाक्य ठाम विधान म्हणून वाचलं तर एक अर्थ, आश्चर्याने वाचलं तर नेमका उलटा. म्हणून हा ग्रंथ मनातल्या मनात वाचून भागत नाही. तो मोठ्याने, सूर लावून वाचावा लागतो, आणि ऐकायला समोर कुणीतरी लागतं.

त्या समोरच्या माणसाला, आणि त्या जोडीलाही, 'हवरूता' म्हणतात. शब्द अरमाईक आहे, 'हवेर' म्हणजे मित्र यावरून आलेला. वर्गात शिक्षक आधी तास घेत नाहीत. उतारा देतात, चार प्रश्न देतात आणि जोड्या पाडतात. मग दोन-दोन तास त्या जोडीने उताऱ्याशी झटापट करायची. एकजण वाचतो, दुसरा अडवतो. जाडजूड यास्त्रोव शब्दकोश उघडायचा आणि तीन अक्षरी धातू शोधायचा. संस्कृतचे धातू घोकलेल्यांना ही कवायत ओळखीची वाटेल. या अभ्यासाच्या दालनाला 'बेत मिद्राश' म्हणतात, आणि तिथे ग्रंथालयातली शांतता नसते, मंडईतला गलबला असतो. वीस जोड्या एकाच वेळी तावातावाने बोलत असतात. शांत झालेल्या जोडीकडे शिक्षक काळजीने बघतात. दोन तासांनी सगळे वर्गात जमतात आणि मग शिक्षक बोलतात. तोवर प्रत्येकाचं स्वतःचं काही मत झालेलं असतं आणि ते सोडवत नसतं.

ही जोडी किती जीवाभावाची मानतात, याची एक गोष्ट तालमूदमध्येच आहे. रेश लकीश हा आधी दरोडेखोर होता. रब्बी योहानान यांनी त्याला ग्रंथाकडे वळवलं, बहीण दिली आणि दोघं जन्माचे हवरूता झाले. एके दिवशी तलवार-सुरी कधी 'पूर्ण तयार' झाली म्हणायची यावर वाद चालला असता योहानान बोलून गेले, "दरोडेखोराला आपल्या धंद्यातलं कळतंच." तो घाव वर्मी बसला. दोघांचं बिनसलं, रेश लकीश आजारी पडला आणि गेला. योहानान दुःखाने खचले. इतर पंडितांनी एक हुशार जोडीदार त्यांच्यासमोर आणून बसवला. योहानान काही म्हणाले की तो म्हणायचा, "याला आधार आहे, अमुक वचनात हेच म्हटलंय." योहानान शेवटी कळवळून म्हणाले, "मी बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? लकीशचा पोर माझ्या प्रत्येक वाक्यावर चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो आणि त्यातून विषय मोठा व्हायचा." कपडे फाडत, "कुठे आहेस तू?" असं ओरडत ते हिंडू लागले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

मान डोलावणारा जोडीदार मिळाला म्हणून वेडा झालेला गुरू! ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

उपरण्याचं भांडण मी माझ्या एका मैत्रिणीबरोबर वाचलं, दर गुरुवारी रात्री, फोनवर. अख्खा तालमूद इंग्रजी अनुवादासह सेफारिया या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो, त्यामुळे घरबसल्या निदान उंबऱ्यापर्यंत जाता येतं. मैत्रीण वकिली करते. पहिल्याच ओळीवर ती अडली. "शपथ अशी उलटी का? 'अर्ध्याहून कमी नाही' कशाला? सरळ 'अर्धं माझं' म्हणावं ना." मी म्हटलं, भाषेची लकब असेल. ती ऐकेना. तीन पानं पुढे गेल्यावर दिसलं की गेमाराही नेमकी तिथेच अडली आहे. 'सगळं माझं' अशी शपथ द्यावी, तर सगळं त्याला देणार थोडंच आहोत? 'अर्धं माझं' अशी द्यावी, तर आपला आधीचा दावा तो स्वतःच्या तोंडाने बुडवतो. म्हणून ही जपून घडवलेली शब्दरचना. आणि वाटून द्यायचंच आहे तर मुळात शपथ कशाला? त्याचं उत्तर पुन्हा त्याच रब्बी योहानान यांचं. शपथ नसेल तर उद्या कुणीही उठेल, दुसऱ्याच्या अंगावरच्या उपरण्याला हात घालेल आणि म्हणेल 'माझं', आणि अर्धं फुकटात घेऊन जाईल. मैत्रीण त्या रात्री म्हणाली, "म्हणजे पंधराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी माझीच शंका आली होती." तिच्या आवाजात जो आनंद होता, तो मला नीट आठवतो. ती ज्यू नाही, मीही नाही. तरी त्या क्षणी त्या पानावर तिची जागा झाली होती.

आता कल्पना करा की हाच क्षण अशा मुलीच्या वाट्याला येतो, जिला विसाव्या वर्षी कळलं की आपली आजी ज्यू होती.

अशी माणसं युरोपात थोडीथोडकी नाहीत. नाझींनी साठ लाख ज्यू मारले, त्यातून वाचलेल्या कित्येकांनी पुढे नावं बदलली आणि मुलांनाही काही सांगितलं नाही. पोलंडमध्ये १९६८ साली सरकारनेच ज्यूविरोधी मोहीम चालवली आणि हजारोंना देश सोडावा लागला. सोव्हिएत संघात ओळखपत्राच्या पाचव्या रकान्यात 'ज्यू' असं लिहिलेलं असायचं, पण ते म्हणजे काय, हे शिकायची सोय नव्हती. ओळख होती, तिच्यात मजकूर नव्हता. १९८९नंतर पडदा उठला तेव्हा एक अख्खी पिढी हा रिकामा रकाना हातात घेऊन उभी होती.

स्टॉकहोमची 'पाइडेया' ही संस्था त्यांनाच डोळ्यांपुढे ठेवून २००० साली सुरू झाली. पैसा स्वीडनच्या सरकारचा आणि वॉलेनबर्ग घराण्याच्या न्यासांचा होता. युरोपभरची मुलं तिथे एका शैक्षणिक वर्षासाठी येतात. माध्यम इंग्रजी आहे, आणि ज्यू नसलेल्यांनाही प्रवेश आहे. कुणी पाद्री व्हायचं शिकत असतो, कुणी संग्रहालयात काम करतो, कुणाच्या गावात सिनेगॉगची नुसती रिकामी इमारत उरली आहे आणि तिचं काय करावं हा त्याचा प्रश्न आहे. प्रार्थना किती करता, कोशर, म्हणजे ज्यू नियमांत बसणारंच, खाता का, हे कुणी विचारत नाही. पान उघडायचं आणि जोडीदार शोधायचा, इतकंच.

जेरुसलेमची 'पार्देस' त्याआधीची, १९७२ची. स्त्री आणि पुरुष एका बाकावर बसून तालमूद शिकतील, ही गोष्ट तेव्हा फारच अपूर्व होती. शेकडो वर्षं तालमूद हा मुलग्यांचा प्रांत होता आणि मुलींना त्याचा वारा लागू दिला जात नसे. आज तालमूद शिकवणाऱ्या स्त्रिया सर्रास दिसतात, त्यामागे अशा थोड्या ठिकाणांचा मोठा हात आहे. पार्देस म्हणजे फळबाग. त्यातली व्यंजनं घेऊन वाचनाच्या चार पायऱ्या सांगतात. पेशात म्हणजे सरळ अर्थ, रेमेज म्हणजे सूचित अर्थ, देराश म्हणजे शोधून काढलेला अर्थ, आणि सोद म्हणजे गूढार्थ. देराशचं एक उदाहरण द्यायलाच हवं. तोराचा पहिला शब्द 'बेरेशीत'. म्हणजे सुरुवात वर्णमालेतल्या दुसऱ्या अक्षराने होते. पहिल्याने का नाही? मिद्राश, म्हणजे बायबलवरचं रब्बींचं जुनं भाष्य, सांगतो, 'बेत' या अक्षराचा आकार बघा: ב. तीन बाजूंनी बंद, एकीकडे उघडं, आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे ते उघडं आहे ते पुढच्या बाजूला. वर काय, खाली काय, आधी काय, हे विचारत बसू नकोस. इथून पुढचं विचार.

या सगळ्याचा मूळ आराखडा मात्र फ्रांकफुर्टचा. फ्रांत्स रोझेनत्स्वाइग हा जर्मन तत्त्वज्ञ १९१३ साली ख्रिस्ती व्हायच्या बेतात होता. मग त्याने विचार बदलला, आणि १९२०मध्ये प्रौढांसाठी एक मुक्त ज्यू शिक्षणगृह उघडलं. त्याचं म्हणणं होतं की पूर्वीचं शिक्षण तोरापासून सुरू होऊन जगण्याकडे जायचं. आता आपण सगळे दूर निघून गेलो आहोत, तेव्हा आपल्याला जगण्यापासून निघून तोराकडे यावं लागेल. ज्याला काही येत नाही त्याने लाजायचं नाही, कारण आपण सगळेच बाहेरून आत येतो आहोत. नाझी राजवटीत, १९३८ साली, ते घर बंद पडलं. कल्पना टिकली.

पण ज्यू कोण, हे ठरवतो कोण? धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू हवी किंवा रीतसर धर्मांतर हवं. इस्रायलचा १९५०चा परतीचा कायदा १९७०मध्ये दुरुस्त झाला, त्याप्रमाणे आजी-आजोबांपैकी एकजण ज्यू असला तरी नागरिकत्व मिळतं. म्हणजे एकाच माणसाला विमानतळावर नागरिक म्हणून घेतात, आणि लग्नाच्या वेळी तिथलं रब्बींचं कार्यालय म्हणतं, तू ज्यू नाहीस. अमेरिकेतल्या सुधारक पंथाने १९८३पासून बापाकडून आलेलं ज्यूपणही मान्य केलं. अशा वर्गात एका बाकावर बसलेल्या चौघांच्या व्याख्या चार असू शकतात, आणि प्रत्येकाची व्याख्या शेजाऱ्याला वर्ज्य करणारी असू शकते. तरी चौघं एकच ओळ वाचतात.

इथे मराठी वाचकाने थांबायला हवं, कारण हा प्रश्न आपल्या भाषेतही विचारला गेला आहे. कोकणातले बेने इस्रायल शेकडो वर्षं तालमूदशिवाय ज्यू राहिले. त्यांच्यापाशी ग्रंथ नव्हता. मुलांची सुंता, खाण्याचे नियम, 'शेमा इस्रायल' ही प्रार्थनेची एक ओळ, आणि शनिवारी बंद असणारा घाणा, एवढंच होतं. म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. सणांची नावं मराठी होती. वर्षारंभ म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. वालाच्या बिरड्याच्या पानावर दोन हजार वर्षांपूर्वीचं दुःख जपणाऱ्या माणसांना आणखी कुठला दाखला मागायचा?

ग्रंथ नंतर आले. कोचीनच्या ज्यू शिक्षकांनी ते आणले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा ही पोथी मराठी अनुवादासह निघाली. पुण्याच्या प्रतीत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायकांचं चित्र आहे, आणि त्या बायका साडीत आहेत. पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही झाली.

आणि हीच माणसं इस्रायलला गेल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या कार्यालयाने आदेश काढला की बेने इस्रायलांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. मुद्दा ग्रंथाचाच होता: यांच्या वाडवडिलांना घटस्फोटाचे आणि पुनर्विवाहाचे शास्त्रीय नियम ठाऊक नव्हते, मग त्या विवाहांचं काय? लोक जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेत जाहीर झालं की सरकारच्या दृष्टीने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि मग रब्बींच्या आदेशातून त्यांचं नाव निघालं. मला या प्रकरणाचा राग येतो, अजूनही. पण या अभ्यासवर्गांची गरज का पडते, तेही मला इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतं. पान फक्त काही जणांनाच वाचता येत असेल, तर बाकीच्यांनी कोण असायचं हेही तेच ठरवतात. स्वतः वाचता येणाऱ्याला निदान उलट विचारता येतं, 'कुठे लिहिलंय, दाखवा.'

आणि दाखवल्यावरही सगळे वाद मिटतातच असं नाही. तालमूदमध्ये दोन्ही बाजू समसमान ठरल्या की एक शब्द येतो, 'तेकू'. राहू द्या तसंच. आजच्या हिब्रूत फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला की हाच शब्द वापरतात. पुढच्या काळात लोकांनी त्याची अक्षरं फोडून अर्थ लावला की तिश्बी, म्हणजे एलियाहू संदेष्टा, परत येईल तेव्हा या शंका सोडवेल. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर ज्याच्या रथाची खूण दाखवतात, ज्याच्या नावाने बेने इस्रायल घरांत पोहे, खोबरं आणि फळं घालून मलिदा होतो, तोच हा एलियाहू हन्नबी. कोकणात तालमूद नव्हता तेव्हाही शंका सोडवणारा तिथे ठाऊक होता.

वर्गाचं वर्ष संपता संपता, एखादा खंड पुरा झाला तर, सगळे जमतात. खंड पुरा करणं हा सोहळा असतो, खाणंपिणं असतं. आणि मग एक जुनं अरमाईक वचन त्या खंडाला उद्देशून म्हणतात. त्याची सुरुवात 'हद्रान अलाख' अशी. उत्तरपूजेतलं 'पुनरागमनाय च' कानात असलेल्याला ते लगेच जवळचं वाटतं. पुस्तकाला माणसासारखी एकेरी हाक मारून म्हणतात: आम्ही तुझ्याकडे परत येऊ आणि तू आमच्याकडे परत ये. आमचं मन तुझ्यावर आहे, तुझं मन आमच्यावर असो. आम्ही तुला विसरणार नाही, तू आम्हाला विसरू नकोस.